रुसलेल्यांना मारू नका

कोजागिरीच्या आसपास नागपुरात भावगीतांच्या कार्यक्रमांना ऊत येतो. कुणाचा सभागृहात, कुणाचा सोसायटीच्या गच्चीवर, कुणाचा वस्तीतल्या समाजभवनात. बाहेर दूध आटत असते, पोरे चारोळ्या पळवत असतात. आत तबला लागतो, पेटीवाला काळी दोन की काळी चार ते गायिकेला खुणेने विचारतो आणि निवेदक हातातली फाइल उघडून आवाज खाली आणतो. तो आवाज खाली आला की ओळखावे, आता कुणीतरी मरणार.

मरणारी माणसे ठरलेली आहेत. पहिली गोष्ट कवी अनिलांची. पत्नी कुसुमावती गेल्या, पार्थिव समोर आहे, ओठ मिटलेले आहेत, आणि त्या अवस्थेत कवीने ‘अजुनी रुसून आहे’ लिहिले. दुसरी सुरेश भटांची. रणांगणावरून जवानाचे शव घरी आले आहे, शेजारी त्याची नव्याने लग्न झालेली बायको बसली आहे, आणि ती जे बोलते ते ‘तरुण आहे रात्र अजुनी’. गोष्ट संपते, सभागृहात चुकचुक होते, पुढच्या रांगेतल्या काकू रुमाल काढतात. मग गायिका ते गाणे नेहमीच्या निम्म्या लयीत म्हणते, कारण शोकाला घाई शोभत नाही.

या दोन्ही गोष्टी मी नागपुरात, अमरावतीत, पुण्यातसुद्धा ऐकल्या आहेत. आता त्या मोबाइलवरही फिरतात, खाली हात जोडल्याच्या खुणा घेऊन. माझे म्हणणे एवढेच, की या कथांनी दोन धडधाकट, तरुण, भांडखोर प्रेमगीतांचा बळी घेतला आहे. अनिलही आमच्याकडचे आणि भटही आमच्याकडचे, म्हणून हे वकीलपत्र नागपूरकराने घ्यायला हरकत नाही. आणि खटला उभा करायचा तर थोडे मागे जावे लागेल.

मागे म्हणजे १९२९ साली, मेहकरला. बुलढाणा जिल्ह्यातल्या या गावच्या ना. घ. देशपांडे नावाच्या विशीतल्या मुलाने एक कविता लिहिली. रानातून शीळ येते आणि ती ऐकून एक मुलगी बेचैन होते, एवढाच त्यातला ऐवज. तिची भाषा रानातली, बोलण्याची. आणि ती मुलगी नुसती हुरळत नाही, त्या शीळ घालणाऱ्याला ती दटावते, तुला वेळकाळ म्हणून काही कळत नाही का, म्हणून. जी. एन. जोशी नावाच्या दुसऱ्या तरुणाने या कवितेला चाल लावली आणि तो ती गाऊ लागला. जोशीही वकिलीकडे वळलेले आणि देशपांडेही पुढे मेहकरला आयुष्यभर वकिली करत राहिलेले. अनिलांनीही कायद्याची पदवी घेतली होती. मराठी प्रेमगीताच्या पायाभरणीत वऱ्हाड-नागपूरच्या वकिलांचा एवढा हात का असावा, यावर कुणीतरी प्रबंध लिहावा. माझा अंदाज असा, की बाजू मांडणे, तक्रार दाखल करणे आणि समोरच्याला उत्तर द्यायला लावणे ही प्रेमगीताची निम्मी कामे त्यांना सवयीची होती.

१९३२च्या सुमारास ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ने जोशींच्या आवाजात ‘रानारानांत गेली बाई शीळ’ची तबकडी काढली. तोवर तबकडीवर नाट्यपदे होती, बैठकीतल्या चिजा होत्या, लावण्या होत्या. नाटकातल्या कुठल्याही प्रवेशाशी संबंध नसलेली, एका माणसाच्या एका क्षणाची कविता घरोघरी वाजू लागली ती या तबकडीपासून, आणि भावगीताच्या ध्वनिमुद्रिकांचा आरंभ साधारण तिथूनच मोजतात. जोशी पुढे त्याच कंपनीत गेले आणि अनेक दिग्गजांच्या तबकड्या त्यांच्या देखरेखीखाली निघाल्या.

या तबकडीचे एक वैशिष्ट्य गाण्याच्या आशयापर्यंत पोचले, असे मला वाटते. लाखेची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत. चावी भरायची, सुई टेकवायची, खरखर ऐकायची, मग गाणे. आणि रंगात येईतो सुई मधल्या कागदाशी जाऊन अडायची. तासभर ख्याल गाणाऱ्यांची या मापात घुसमट झाली. भावगीताला मात्र हे माप मानवले. सव्वातीन मिनिटांत ओळख, प्रेम, लग्न, संसार, मरण असा पसारा मांडता येत नाही. एक शीळ ऐकू येऊ शकते, एक नजर मिळू शकते, एक रुसवा धरता येतो. सुख छोटे असते हे तत्त्वज्ञान म्हणून कुणी शिकवण्याआधी ग्रामोफोनने ते मराठी माणसाच्या कानाला शिकवले. पुढे १९४८ साली नागपूरला आकाशवाणी केंद्र आले आणि ज्यांच्या घरी ग्रामोफोन नव्हता त्यांनाही गाणी ऐकू येऊ लागली.

रुसवा मात्र भावगीताने शोधलेला नाही. तो आमच्याकडे भुलाबाईत होता आणि आहे. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भातल्या मुली भुलाबाई बसवतात. भुलोजी आणि भुलाबाई, म्हणजे शंकर-पार्वती, मातीचे, मांडीवर गणपती. ज्वारीच्या धांड्यांचा मखर. संध्याकाळी टिपऱ्या घेऊन गाणी, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. डबा कानाशी धरून हलवायचा, वाजतो का बघायचे. वाजला तर दाणे-फुटाणे, नाही वाजला तर करंजी किंवा शिरा. त्या घरची मुलगी तोंड घट्ट मिटून उभी.

भुलाबाईच्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या भोंडल्याच्या गाण्यांत एक रुसलेली सून असते. ती माहेरी किंवा कोपऱ्यात जाऊन बसली आहे आणि सासरची माणसे एकेक करून तिला आणायला जातात. सासरा जातो, सासू जाते, दीर, जाऊ, नणंद. प्रत्येकाच्या हातात एकेक दागिना. ती प्रत्येकाला नाही म्हणते. शेवटी नवरा येतो. काही ठिकाणच्या पाठात तो मंगळसूत्र आणतो आणि ती उठते. काही ठिकाणच्या पाठात तो लाल चाबूक आणतो आणि तरीही ती उठते. दहा वर्षांच्या मुली हे गाणे हसत हसत म्हणतात. चाबकाच्या ओळीला तर टिपऱ्यांचा जोर वाढतो. लहानपणी त्यात काही वावगे वाटले नव्हते. आता मुलींकडून ते ऐकताना घशात काहीतरी अडकते. तरीपण गाण्याची बांधणी बघण्यासारखी आहे. रुसणारीला ठाऊक आहे, की कुणीतरी येणार. एक गेला की दुसरा येणार. तिच्या हातात दुसरी कुठलीच सत्ता नाही. रुसून बसल्यावर आख्खे घर तिच्या दारी रांग लावते, तेवढाच काळ काय तो तिचा. ती उठली की सुख संपले. म्हणून ती लवकर उठत नाही.

आता अनिलांकडे येऊ. आत्माराम रावजी देशपांडे, जन्म ११ सप्टेंबर १९०१, मूर्तिजापूर. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकायला गेले आणि तिथे १९२१च्या सुमारास त्यांची कुसुम जयवंत या अमरावतीच्या मुलीशी ओळख झाली. ती हुजूरपागेत शिकत होती. पुढे ती कॉलेजसाठी नागपूरला आली आणि हे पुण्यात. मग पत्रे. जात वेगळी, घरच्यांचा विरोध, आणि काळ असा की एका तरुणाने एका अविवाहित मुलीला पत्र लिहिणे हीच बातमी. १९२६ला नागपूर विद्यापीठाची पदवी घेऊन ती इंग्लंडला गेली, लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकली आणि १९२९ला परत आली. त्याच वर्षी लग्न झाले. म्हणजे ज्या वयात माणसे प्रेम करतात त्या वयातली सात-आठ वर्षे या दोघांनी बहुतांशी टपालखात्याच्या भरवशावर काढली.

ही पत्रे ‘कुसुमानिल’ या नावाने पुस्तकरूपात आली आहेत. ज्यांना वाटते की आपल्या पणजोबांच्या पिढीला प्रेम करता येत नव्हते, त्यांनी ती वाचावीत. त्यात कवितेच्या चर्चा आहेत, अभ्यासाच्या कटकटी आहेत, वाचलेल्या पुस्तकांवरचे वाद आहेत, आणि पत्र उशिरा आल्याची तक्रार आहे. ही तक्रार फार महत्त्वाची. टपालाने चालणाऱ्या प्रेमात रुसवा सोपा नसतो. समोरासमोर मान फिरवली की काम होते. पत्रात मान फिरवायची तर लिहावे लागते, आणि लिहिले की रुसवा मोडलाच. न लिहावे, तर समोरच्याला तो रुसवा आहे की टपाल चुकले आहे हे कळत नाही. अबोल्याची आणि समजुतीची एवढी बारीक जाण अनिलांच्या गाण्यांत कुठून आली याचे कोडे मला पडत नाही.

‘फुलवात’ हा त्यांचा पहिला संग्रह १९३२चा. पुढे मुक्तछंद आला, ‘भग्नमूर्ती’ आली, ‘पेर्ते व्हा’ आले, १९६१ला ‘सांगाती’. अनिल म्हटले की समीक्षक मुक्तछंदाबद्दल बोलतात, कारण तो त्यांनी मराठीत रुजवला. गाणारे मात्र त्यांच्या छोट्या, बांधीव, यमकी कवितांकडे गेले. ‘अजुनी रुसून आहे’ आणि ‘आज अचानक गाठ पडे’ ही कुमार गंधर्वांनी गायली. ‘केळीचे सुकले बाग’ला यशवंत देवांची चाल आणि उषा मंगेशकरांचा आवाज. ‘कुणि जाल का’ हेही यशवंत देवांचेच, वसंतराव देशपांड्यांसाठी. वसंतरावही जन्माने मूर्तिजापूरचे, वाढले नागपुरात. रेल्वेच्या वेळापत्रकात जंक्शन म्हणून ज्या गावाची ओळख, त्या गावाने कवीही दिला आणि त्याचा गायकही.

कुमारांचे ‘अजुनी रुसून आहे’ निवेदकाला गप्प बसवून एकदा ऐकावे. गाण्यातला माणूस काय म्हणतो? तो म्हणतो, याआधी तू रुसायचीस ते मी समजूत काढावी म्हणूनच. मी हसायला सांगितले की रडता रडता हसायचीस. हा आपला जुना करार होता. आज तो का चालत नाही? एवढेच. ज्याच्या घरात कधी कुणी खरोखर रुसले आहे त्याला हा प्रसंग ठाऊक असतो. दर वेळची युक्ती आज लागू पडत नाही, विनोद करून झाला, गोड बोलून झाले, आणि माणूस दारात उभा आहे, हात कुठे ठेवावेत हे न कळून. इथे मृतदेह आणून ठेवला की त्या माणसाचा गोंधळ निघून जातो. मेलेल्या माणसाची समजूत काढायची नसते. मग तो काकुळतीने पण थोडा लबाडपणेही जी मनधरणी करतो आहे तिला अर्थच राहत नाही. फक्त टाहो राहतो. कुमारांच्या गाण्यात टाहो नाही. त्यात एक अडलेला, पुन्हा पुन्हा तिथेच येऊन थबकणारा स्वर आहे, दार लोटून बघावे आणि आतून कडी असावी तसा.

कुसुमावती गेल्या १७ नोव्हेंबर १९६१ला. त्याच वर्षी ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले होते. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. १९५८ला मालवणला अनिल अध्यक्ष होते, म्हणजे तीन वर्षांच्या अंतराने नवरा आणि बायको दोघेही. कुसुमावती नागपूरच्या मॉरिस कॉलेजात इंग्रजी शिकवत. त्यांच्या ‘पासंग’मधले लेख आजही समीक्षेच्या विद्यार्थ्याला वाचावे लागतात, आणि मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा त्यांनी घेतलेला आढावा अजून बाजूला सारता येत नाही. त्यांची ओळख आज गावोगावच्या कार्यक्रमांत ‘जिच्या पार्थिवापाशी गाणे लिहिले ती’ एवढीच उरावी, याचा मला राग येतो. ज्या बाईने आयुष्यभर चिकित्सा केली तिला गाण्यात शव करून टाकले.

आणि तिच्या मागे अनिलांनी काय केले? सत्तरी ओलांडल्यावर, १९७२ साली, ‘कुसुमानिल’ छापले. विशीतली पत्रे. बायको जाऊन दशक उलटलेला म्हातारा माणूस जगापुढे आणतो ती भांडणारी, हट्ट करणारी, पत्राची वाट बघणारी कुसुम. त्यानंतर १९७६ला ‘दशपदी’ आली, दहा ओळींचा स्वतःचा घाट घेऊन, आणि तिला पुढल्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ८ मे १९८२ला नागपुरात ते वारले.

सुरेश भटांची गोष्ट वेगळी आहे, आणि त्यांच्या गाण्यावर झालेला अन्याय मला अधिक गंभीर वाटतो. भट अमरावतीचे, जन्म १५ एप्रिल १९३२. अडीच वर्षांचे असताना पोलिओ झाला आणि पाय गेला. ‘रूपगंधा’ हा पहिला संग्रह १९६१चा, ‘रंग माझा वेगळा’ १९७४चा, ‘एल्गार’ १९८३चा. शेवटची वर्षे नागपुरात, १४ मार्च २००३ला इथेच देह ठेवला. रेशीमबागेत त्यांच्या नावाचे दोन हजारांच्या आसपास माणसे मावतील असे सभागृह २०१७ला उभे राहिले. लोकांच्या तोंडी त्यांचा ‘एल्गार’ असतो, आणि ते योग्यच आहे. पण ‘मेंदीच्या पानावर’, ‘मालवून टाक दीप’, ‘चांदण्यात फिरताना’, ‘मलमली तारुण्य माझे’ ही गाणीही त्याच माणसाची. हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली, लता-आशांचे आवाज, आणि ‘मलमली’साठी सी. रामचंद्र.

या गाण्यांत बोलते कोण, हे बघावे. बहुतेक ठिकाणी बाई. आणि ती वाट बघणारी, पदर सावरणारी, खिडकीत उभी राहून उसासे सोडणारी बाई नव्हे. तिला हवे आहे आणि ती ते मागते आहे. ‘तरुण आहे रात्र अजुनी’ची तक्रार अगदी सरळ आहे. रात्र अजून बाकी आहे, चांदण्या विझलेल्या नाहीत, मी जागी आहे, आणि तू एवढ्यात झोपलास? कूस बदलून पडलास? कोजागिरीच्या चांदण्याला मी आता काय तोंड दाखवू? कथा सांगणारे त्यातल्या विझण्या-मिटण्याच्या शब्दांवर बोट ठेवतात. ठेवोत. पण जो माणूस कूस बदलतो तो मेलेला नसतो, हे सांगायला कायद्याची पदवी लागत नाही.

मग त्याला मारले कशासाठी? मला दिसते ते कारण असे. आशा भोसल्यांच्या आवाजातली, रात्री जागी राहून शेजारच्या पुरुषाला जाब विचारणारी बाई आमच्या समाजभवनाला झेपत नाही. आजी-आजोबा पुढच्या रांगेत आहेत, मुले बसली आहेत. गाणे तर सगळ्यांना आवडते, वगळता येत नाही. मग नवरा जवान करायचा, त्याला हौतात्म्य द्यायचे. एकदा शव आले की तिची इच्छा त्याग होते, तक्रार विलाप होते, आणि विलाप करणाऱ्या बाईला आपल्याकडे नेहमीच मान असतो. जिवंत नवऱ्यावर रागावलेल्या बाईला तो मिळत नाही. तसे पाहिले तर अनिलांच्या गाण्यावरही हाच संस्कार झाला आहे. पुरुषाने बायकोची मनधरणी करणे आमच्याकडे चारचौघांत सांगण्याजोगे नसते; ती गेल्यावर रडणे चालते.

भटांनी गझल निवडली यातही अल्पायुषी सुखाचा हिशेब आहे. गझलेचा प्रत्येक शेर दोन मिसऱ्यांत, म्हणजे दोन ओळींत, पुरा होतो. मागच्या शेराचे त्याला देणे नसते, पुढच्याकडून येणे नसते. काफिया म्हणजे यमक आणि रदीफ म्हणजे त्यामागून येणारे पालुपद, तेवढे धागा धरून ठेवतात. म्हणून एका शेरात ती रुसते, दुसऱ्यात चांदण्याकडे बघते, तिसऱ्यात डिवचते. आणि यातून एक सलग दुःखद गोष्ट काढायला गेलो की गझलेची वीण उसवते. ‘गझलेची बाराखडी’ लिहून भटांनी ती गावोगावच्या होतकरू कवींच्या हाती दिली, पत्रे लिहून त्यांच्या मात्रा तपासल्या. आज विदर्भात तालुक्याच्या ठिकाणी गझल मुशायरा भरतो त्याचे मूळ त्या खटाटोपात आहे. त्या पोरांच्या गझला ऐकताना एक गंमत दिसते. बंडाचे शेर वहीतले वाटतात. प्रेमाचा शेर आला की पोरगा मान वर करतो आणि रांगेत कुणाला तरी शोधतो.

इथे ग्रेस आठवतात, कारण त्यांच्या बाबतीत आम्ही नेमके उलटे केले. माणिक गोडघाटे, जन्म १९३७, नागपूर. इन्ग्रिड बर्गमनच्या एका चित्रपटातून त्यांनी ‘ग्रेस’ हे नाव घेतले, असे सांगतात. ‘संध्याकाळच्या कविता’ १९६७चा. त्यांची ‘ती गेली तेव्हा’ ही कविता हृदयनाथांनी स्वतः गायली आणि १९८९च्या ‘निवडुंग’ चित्रपटामुळे ती घराघरांत गेली. बाहेर पाऊस आणि कुणीतरी निघून गेलेले, एवढे कानावर पडल्याबरोबर कॉलेजच्या दोन पिढ्यांनी तिथे आपापली प्रेयसी बसवली. मीही बसवली होती. धरमपेठेतली होती, नाव सांगत नाही. ग्रेस बारकाईने वाचणारे मात्र त्या ‘ती’मध्ये आई बघतात, आणि त्यांच्या एकूण कवितेत आई ज्या वारंवारतेने येते ती पाहता मला ते पटते. म्हणजे जिथे खरोखर कायमचे जाणे आहे तिथे आम्ही तात्पुरता विरह आणला, आणि जिथे तात्पुरता रुसवा होता तिथे कायमचे मरण. श्रोत्यांच्या या उलट्या कारभाराला ग्रेसनी बहुधा हसून मान्यता दिली असती. भटांनी शिव्या दिल्या असत्या.

राजा बढे भट आणि ग्रेस यांच्यापेक्षा थोडे आधीचे, जन्म १९१२, खुद्द नागपूरचे. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ला २०२३ साली राज्यगीताचा मान मिळाला आणि बढे एकदम शासकीय झाले. खरे तर हा माणूस चांदण्याचा आणि विड्याचा. ‘चांदणे शिंपीत जाशी’ त्यांचे, माणिक वर्मांचे ‘हसले मनी चांदणे’ त्यांचे, आणि सुलोचना चव्हाणांची ‘कळीदार कपूरी पान’ ही लावणीही त्यांचीच, श्रीनिवास खळ्यांच्या चालीत. कपुरी पानाचा मळा रामटेककडे जाऊन बघावा. बरई लोकांनी राखलेला, चारी बाजूंनी झाकलेला, आत शिरताना वाकावे लागते आणि भर उन्हाळ्यात अंगावर ओलावा येतो. पान खुडल्यापासून सुकेपर्यंत त्याचे आयुष्य ते किती! विडा लावणारीचा सगळा शृंगार त्या तेवढ्या वेळातला आहे. अलीकडे नागपुरी टपरीवर पान मागणारा दुर्मीळ. पोरे सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून घेतात. खर्ऱ्यावर लावणी लिहिणारा कवी अजून जन्मायचा आहे.

याच बढ्यांनी हालाच्या गाथासप्तशतीला ‘शेफालिका’ या नावाने मराठी रूप दिले. सातवाहनांच्या काळातल्या, महाराष्ट्री प्राकृतातल्या दोन-दोन ओळींच्या सातशे गाथा. त्यातली एक पाणपोईची गाथा अनेकांना माहीत असेल. वाटसरू ओंजळ पुढे करतो आणि वर बघत बघत बोटे सैल सोडतो, पाणी गळून जावे म्हणून. पाणी घालणारी मुलगी ते ओळखते आणि धार बारीक करते. संपले. नावे नाहीत, गाव नाही, पुढे काय झाले ते नाही. तहान भागली की त्याला निघायचे आहे, हे दोघांना ठाऊक आहे. तेवढा वेळ कसा लांबवता येईल ते लांबवतात, आणि लांबवण्यात दोघांचा हात आहे. नंतर त्याला वाटेत वाघाने खाल्ले, असे गाथेत नाही. दोन हजार वर्षांच्या टीकाकारांनीही तसे सुचवल्याचे ऐकिवात नाही. ही बुद्धी आमच्या निवेदकांनाच सुचावी!

रामटेकचा विषय निघालाच आहे तर तिथेच थांबू. नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवरची ही टेकडी म्हणजे ‘मेघदूता’तला रामगिरी, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडले. इतर दावेदार टेकड्याही आहेत. नागपूरकरांच्या लेखी वाद मिटलेला आहे. त्या काव्यातल्या यक्षाला बायकोपासून दूर राहण्याचा वर्षभराचा शाप. आठ महिने सरले आहेत, चार उरले आहेत. कार्तिकात विष्णू शेषशय्येवरून उठतील तेव्हा शाप संपणार, म्हणजे आपल्या दिवाळीनंतर दहा-बारा दिवसांनी, आणि मग शरदाच्या चांदण्यात राहिलेल्या इच्छा पुऱ्या करायच्या. मुदत ठरलेली, तारीख माहीत. इतक्या हळव्या काव्यात कुणी मरत नाही, हे आपण फारसे ध्यानात घेत नाही.

या यक्षाला आठवते काय? तो शिळेवर गेरूने बायकोचे चित्र काढतो, आणि तेही रुसलेल्या बायकोचे. स्वतःला तिच्या पायाशी काढावे म्हणतो, तर डोळे भरून येतात आणि रेघ दिसत नाही. पुढे पंचाईत अशी, की अलकानगरीत मेघ जाऊन म्हणेल, तुझ्या नवऱ्याने निरोप दिला आहे. तिने विश्वास कसा ठेवावा? तिला पटेल अशी, दोघांखेरीज कुणाला ठाऊक नसलेली एक खूण हवी. यक्ष तिजोरीची किल्ली कुठे आहे ते सांगत नाही, लग्नाचा दिवस सांगत नाही. तो एका रात्रीचे भांडण सांगतो. ती त्याच्या गळ्याशी झोपली होती आणि एकदम रडत उठली. त्याने परोपरीने विचारले, तेव्हा मनातल्या मनात हसत म्हणाली, लबाडा, स्वप्नात तुला दुसरीबरोबर पाहिले. एवढे तिला सांग, यक्ष मेघाला म्हणतो, म्हणजे मी सुखरूप आहे हे तिला कळेल. नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी बँकेत रांग लावून जो हयातीचा दाखला देतात, तोच हा. यक्षाने तो रुसव्यावर काढला.